इंडेक्स आहे, तरी उन्हाळ कांद्यात पट्टी अडते : दरवर्षी परतणाऱ्या तक्रारीचा माग

एप्रिल उजाडला, उन्हाळ कांद्याची आवक वाढली, की बाजार समितीची संगणक प्रणाली सांभाळणाऱ्या आमच्या नाशिकमधल्या कार्यालयात साडेअकराच्या सुमारास फोन वाजतो. पलीकडे जिल्ह्यातल्या एका बाजार समितीतला मुलगा असतो. "दादा, पट्टी निघत नाहीये. बटण दाबलं की नुसतं गोल फिरतंय. खिडकीवर पंधरा-वीस जण उभे आहेत, ट्रॅक्टर भाड्याचे आहेत त्यांचे."

पट्टी म्हणजे विक्रीनंतर शेतकऱ्याच्या हाती पडणारी हिशोबाची पावती. सलग तीन वर्षे हाच फोन आला. दर वर्षी आम्ही काहीतरी केले, वेग परत आला आणि पुढच्या एप्रिलमध्ये तक्रार पुन्हा दारात. यंदा ठरवले की नवा इंडेक्स (हवी ती ओळ पटकन सापडावी म्हणून डेटाबेस ठेवतो ती क्रमवार सूची) टाकायचा नाही, आधी असलेला का वापरला जात नाही ते शोधायचे. त्यात जे सापडले ते इथे सविस्तर लिहितो आहे. तुमच्याकडे द्राक्ष निर्यातीच्या नोंदी असोत, पतसंस्थेची खाती असोत की नाशिकच्या अंबडमधल्या एखाद्या कारखान्याचा साठा, त्यामागची डेटाबेस प्रणाली पोस्टग्रेस असेल तर यातले बरेच जसेच्या तसे लागू पडेल.

आधी मांडणी सांगतो. मुख्य टेबल 'आवक'. फाटकातून आलेली प्रत्येक गाडी, मग ती ट्रॅक्टर-ट्रॉली असो की पिकअप, म्हणजे एक ओळ. तिच्यात बाजार_क्र (मुख्य आवार आणि दोन उपआवारे), नोंद_वेळ, शेतकरी_क्र, व्यापारी_क्र, वजन, भाव. लिलाव झाला की भाव भरला जातो, काट्यावर वजन झाले की वजन भरले जाते, आणि शेवटी हमाली-तोलाई वजा होऊन हिशोबपट्टी छापली जाते. तिचे तपशील 'पट्टी_तपशील' या दुसऱ्या टेबलात. खिडकीवरच्या पडद्यावर या आवारातल्या आजच्या सगळ्या गाड्यांची यादी दिसते, आणि अडते ते नेमके हीच यादी आणताना. दहा-बारा वर्षांच्या मिळून सुमारे 40 लाख ओळी झाल्या आहेत.

पहिल्या वर्षी आम्ही बाजार_क्र वर इंडेक्स टाकला. दुसऱ्या वर्षी सर्व्हरची मेमरी वाढवली. तिसऱ्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत जुन्या दोन वर्षांच्या नोंदी वेगळ्या टेबलात हलवल्या. तिन्ही वेळा वाटले, झाले काम. पण नीट पाहिले तर तिन्ही उपाय ऑफ सीझनमध्ये तपासलेले होते. पावसाळ्यात किंवा दिवाळीत एकच माणूस बसून पट्टी काढून बघतो, सगळे टेबल मेमरीत आलेले असते, त्यामुळे अख्खे टेबल वाचले तरी ते सेकंदाच्या आत उरकते. एप्रिलमध्ये तीन आवारांतल्या खिडक्या एकाच वेळी तीच यादी मागतात, वर फाटकावरच्या नव्या नोंदी चालू असतात, आणि तेच अख्खे वाचन एकमेकांच्या पायात येते. दुखणे बारा महिने होते. हंगामात ते फक्त दिसायचे.

माग काढायची सुरुवात 'एक्स्प्लेन ॲनालाइझ' पासून. क्वेरीचे, म्हणजे डेटाबेसकडे केलेल्या मागणीचे, उत्तर कोणत्या रस्त्याने काढले ती योजना ही आज्ञा दाखवते. आमच्याकडे नव्याने आलेल्या सहकारी मुलीला मी ते चालवायला सांगितले, तर ती म्हणाली, "सर, नोंद_वेळ वर इंडेक्स तर आहे. मग इथे सिक्वेन्शियल स्कॅन का लिहून येतंय?" सिक्वेन्शियल स्कॅन म्हणजे अख्खे टेबल सलग वाचणे. प्रश्न अगदी बरोबर होता. योजनेत त्याखाली चाळणीत गळालेल्या ओळींचा आकडा येतो, तो 40 लाखांच्या जवळ होता. म्हणजे हजारभर गाड्या दाखवायला दहा-बारा वर्षांचा सगळा बाजार उलटापालटा केला जात होता. (एक सावधगिरी : ही आज्ञा क्वेरी खरोखर चालवते. अपडेट किंवा डिलीट तपासत असाल तर आधी 'बिगिन' आणि नंतर बदल मागे घेणारे 'रोलबॅक' लावायला विसरू नका.)

कारण अट कशी लिहिली आहे त्यात होते :

व्हेअर डेट(नोंद_वेळ) = करंट_डेट अँड बाजार_क्र = 2

इंडेक्स नोंद_वेळ या स्तंभावर आहे. अट मात्र डेट(नोंद_वेळ) वर आहे, आणि डेटाबेसच्या दृष्टीने ही दुसरीच गोष्ट. रोजकीर्द वेळेच्या क्रमाने लावलेली आहे, पण आपण मुनीमजींना सांगतो आहोत की प्रत्येक नोंद उचला, तिच्यावर एक क्रिया करा आणि उत्तर आज आले तर ठेवा. मग मुनीमजी पहिल्या पानापासून सुरू करणार, त्यांचा दोष नाही. अट अशी बदलली :

व्हेअर बाजार_क्र = 2 अँड नोंद_वेळ >= करंट_डेट अँड नोंद_वेळ < करंट_डेट + 1

स्तंभ मोकळा ठेवायचा, जी काही क्रिया करायची ती दुसऱ्या बाजूला. एवढ्या बदलाने इंडेक्स वापरात आला. कोणी सुचवेल की त्यापेक्षा डेट(नोंद_वेळ) या राशीवरच इंडेक्स करा. करता येतो, पण नोंद_वेळ टाइमझोनसह साठवली असेल तर पोस्टग्रेस तो नाकारते, कारण त्याच क्षणाची तारीख नाशिकमध्ये एक आणि लंडनमध्ये दुसरी असू शकते, आणि इंडेक्समध्ये बसणारे फंक्शन एकाच मूल्यावर नेहमी एकच उत्तर देणारे लागते. महिन्याच्या अहवालात टू_कॅर (तारखेचा मजकूर करणारे फंक्शन) वापरून महिना काढत असाल तर तिथेही हीच अडचण. मला विचाराल तर अट सरळ लिहिणे हाच मार्ग बरा, कारण त्याने प्रश्न इंडेक्स न वाढवता सुटतो.

याच जातीचा आणखी एक चोर सांगून ठेवतो, कारण तो सापडायला आम्हाला दोन दिवस लागले. शेतकरी_क्र हा बिगइंट (मोठा पूर्णांक) आहे, पण प्रोग्रॅममधून येणारे मूल्य न्यूमेरिक (दशांशही चालणारी संख्या) म्हणून येत होते. पोस्टग्रेस अशा वेळी स्तंभालाच न्यूमेरिक करून तुलना करते आणि इंडेक्स पुन्हा बाजूला पडतो. हाताने क्वेरी चालवली की वेगवान, प्रोग्रॅममधून संथ, असे दिसले तर आधी मूल्याचा प्रकार तपासा. मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेस प्रणालीत मोबाईल क्रमांक अक्षरी स्तंभात आणि अटीत तो अवतरण चिन्हांशिवाय लिहिला की हाच परिणाम होतो.

आता बाजार_क्र वरच्या त्या पहिल्या वर्षीच्या इंडेक्सकडे येऊ. आवारे तीन. म्हणजे कुठलेही एक आवार मागितले तरी टेबलाचा मोठा भाग येणार. इतक्या ओळींसाठी इंडेक्समधून उड्या मारत जाण्यापेक्षा टेबल सलग वाचणे स्वस्त पडते, आणि प्लॅनर (क्वेरीचा रस्ता ठरवणारा पोस्टग्रेसचा भाग) तेच निवडतो. तो इंडेक्स तीन वर्षे नुसता बसून होता, आणि नव्या नोंदीमागे त्यात भर घालण्याचे काम मात्र होत होते.

हवा होता दोन स्तंभांचा मिळून एक, आणि त्यात क्रम महत्त्वाचा. पेढीवर बसलेल्या माणसाला हे समजावायला मला रोजकीर्द आणि खतावणी ही जोडी फार उपयोगी पडते. रोजकीर्दीत आधी तारीख, मग खाते. खतावणीत आधी खाते, मग तारीख. एकाच खात्याचा एप्रिल महिना बघायचा असेल तर खतावणीत ते पान उघडले की सलग सापडतो. रोजकीर्दीत मात्र महिनाभराची सगळी पाने चाळून त्या खात्याच्या ओळी वेचाव्या लागतात. इंडेक्सचेही तसेच. ज्यावर 'बरोबर' अशी अट आहे तो स्तंभ आधी, ज्यावर 'इथपासून तिथपर्यंत' अशी अट आहे तो नंतर :

क्रिएट इंडेक्स कन्करंटली आवक_बाजार_वेळ ऑन आवक (बाजार_क्र, नोंद_वेळ);

पोस्टग्रेसचा इंडेक्स साधारणपणे बी-ट्री, म्हणजे झाडासारखा पातळ्यांत रचलेला, असतो आणि त्याचे पान 8 किलोबाइटचे. एका बिगइंट स्तंभाच्या इंडेक्सच्या एका पानात सुमारे साडेतीनशे नोंदी मावतात. साडेतीनशे गुणिले साडेतीनशे म्हणजे सव्वा लाखाच्या आसपास, आणखी एक पातळी घेतली तर चार कोटींच्या वर. म्हणून 40 लाख ओळींत हवी ती ओळ तीन पाने उलटून सापडते. दोन स्तंभांच्या इंडेक्समध्ये पानात नोंदी थोड्या कमी बसतात, पण पातळ्या तेवढ्याच राहतात. सप्टेंबर 2025 मध्ये आलेल्या पोस्टग्रेस 18 मध्ये पहिला स्तंभ अटीत नसला तरी काही वेळा पुढच्या स्तंभावरून इंडेक्स वापरता येतो. पहिल्या स्तंभात वेगवेगळी मूल्ये थोडी असतील तरच त्याचा फायदा होतो. आमची तीन आवारे त्यात बसतात, पण त्याच्या भरवशावर क्रम चुकीचा ठेवू नका.

वरच्या आज्ञेतला 'कन्करंटली' हा शब्द मी फार महागात शिकलो. पहिल्या वर्षी मी तो न लिहिता, लिलाव चालू असताना, दुपारी इंडेक्स बनवायला घेतला होता. साधा 'क्रिएट इंडेक्स' टेबलावर असे कुलूप लावतो की वाचन चालते, पण नवी नोंद आणि बदल थांबतात. फाटकावर नोंद होईना, काट्यावरचे वजन जाईना, आणि गाड्यांची रांग आवाराबाहेर रस्त्यावर गेली. उन्हात उभ्या असलेल्या त्या माणसांचा वेळ माझ्यामुळे गेला, ते मी विसरलेलो नाही.

कन्करंटलीने ही अडवणूक होत नाही, पण त्याच्याही काही खोडी आहेत. तो टेबल दोनदा वाचतो, म्हणून वेळ जास्त लागतो. ट्रान्झॅक्शनच्या (एकगठ्ठा पार पडणाऱ्या किंवा रद्द होणाऱ्या कामाच्या) आत चालत नाही. आणि आधीपासून उघडी असलेली जुनी ट्रान्झॅक्शन्स संपेपर्यंत वाट बघत बसतो. आमच्याकडे लेखा विभागात कोणीतरी अहवालाची खिडकी उघडी ठेवून जेवायला गेले होते, आणि इंडेक्स तासभर जागचा हलला नाही. पोस्टग्रेस 12 पासून पीजी_स्टॅट_प्रोग्रेस_क्रिएट_इंडेक्स या दृश्यात काम कुठवर आले ते दिसते, कशासाठी थांबले आहे तेही कळते. अधीर होऊन मध्येच तोडले तर अर्धवट, 'इनव्हॅलिड' इंडेक्स मागे राहतो. यादीत तो दिसतो म्हणून सगळ्यांना वाटते की इंडेक्स आहे. क्वेरी त्याला हात लावत नाही, पण प्रत्येक नव्या नोंदीला त्याचा भार मात्र पडतो. पीजी_इंडेक्स मध्ये इंडिजव्हॅलिड खोटे असलेले काही आहे का ते बघा, असेल तर ड्रॉप करून पुन्हा बनवा.

"इंडेक्स आहे" या समजुतीचे आणखी एक कारण आम्हाला सापडले, आणि ते देवनागरीत नावे ठेवणाऱ्यांनाच भेटते. पोस्टग्रेसमध्ये टेबलांची आणि इंडेक्सची नावे मराठीत ठेवता येतात, मला ते मनापासून आवडते. पण नावाची मर्यादा 63 बाइट आहे आणि देवनागरीचे प्रत्येक चिन्ह युटीएफ-8 मध्ये (अक्षरे साठवण्याच्या नेहमीच्या पद्धतीत) 3 बाइट घेते. काना, वेलांटी, जोडाक्षरातला हलन्त हे सगळे वेगळे मोजले जातात. म्हणजे जेमतेम 21 चिन्हे. पुढचे छाटले जाते. आमच्या स्क्रिप्टमध्ये लांब नावाचे दोन इंडेक्स होते, सुरुवात सारखी आणि फरक फक्त शेवटी. छाटल्यावर दोन्ही नावे एकच झाली, आणि 'इफ नॉट एक्झिस्ट्स' लिहिलेले असल्यामुळे दुसरा बनलाच नाही. एक सूचना तेवढी आली, ती कोणी वाचली नाही. नावे आखूड ठेवा.

अट सुधारली, इंडेक्स झाला, यादी झटक्यात यायला लागली. आठ दिवसांनी पुन्हा फोन. या वेळी यादी ठीक होती, पण व्यापाऱ्याचा दिवसअखेरचा हिशोब अडत होता. योजनेत प्लॅनरचा अंदाज होता 1 ओळ, प्रत्यक्षात हजाराच्या वर. एकच ओळ येणार असे गृहीत धरून त्याने प्रत्येक ओळीमागे पट्टी_तपशीलमध्ये जाण्याचा रस्ता निवडला होता. एका फेरीला तो रस्ता उत्तम, हजार फेऱ्यांना जीवघेणा.

तक्रार दर हंगामात परतते याचे खरे मर्म मला इथे सापडले. प्लॅनर टेबलाच्या आकडेवारीवरून अंदाज बांधतो, आणि ती आकडेवारी ऑटोव्हॅक्यूम हा पोस्टग्रेसचा मागे चालणारा देखभाल-प्रोग्रॅम आपोआप ताजी करतो, पण केव्हा? मूळ सेटिंगप्रमाणे 50 अधिक एकूण ओळींच्या 10 टक्के इतके बदल झाल्यावर. 40 लाखांचे 10 टक्के म्हणजे 4 लाख. दिवसाला 1500 गाड्या आणि प्रत्येक गाडीमागे नोंद, भाव, वजन असे तीन बदल धरले तर रोज साडेचार हजार. 4 लाख व्हायला जवळपास 90 दिवस. तेवढ्यात उन्हाळ कांद्याची गर्दी ओसरते. म्हणजे ऐन हंगामात प्लॅनर पावसाळी, थंड बाजाराच्या अंदाजावर चालत असतो. शिवाय टेबल दरवर्षी मोठे होते, तसा हा उंबरठाही दरवर्षी वर सरकतो.

तातडीचा उपाय म्हणजे 'ॲनालाइझ आवक' चालवणे, तो दिवसाढवळ्या चालवला तरी कामकाज अडत नाही. कायमचा उपाय त्या एका टेबलासाठी सेटिंग बदलणे :

ऑल्टर टेबल आवक सेट (ऑटोव्हॅक्यूम_ॲनालाइझ_स्केल_फॅक्टर = 0.01);

आता 40 हजार बदलांनी, म्हणजे नऊ दिवसांत आकडेवारी ताजी होते. आम्ही त्यावर रोज पहाटे एक ॲनालाइझही लावला आहे. मोठ्या टेबलांसाठी हे करायलाच हवे असे माझे मत आहे.

दिवाळीत नोंदी हलवताना अख्खी सुट्टी का गेली, तेही या निमित्ताने उलगडले. प्रायमरी की (ओळीची ओळख) आणि युनिक (दुबार मूल्य न चालणारा स्तंभ) यांचा इंडेक्स पोस्टग्रेस स्वतः बनवते, पण फॉरेन कीचा, म्हणजे दुसऱ्या टेबलाकडे बोट दाखवणाऱ्या स्तंभाचा, बनवत नाही. पट्टी_तपशीलमधला आवक_क्र हा आवककडे बोट दाखवतो. आवकमधली एक ओळ पुसायची तर तिच्यावर अवलंबून कोणी आहे का हे बघायला पट्टी_तपशील पूर्ण वाचले जात होते, प्रत्येक ओळीमागे एकदा. आवक_क्र वर इंडेक्स केला आणि महिन्याभराच्या नोंदी काही मिनिटांत निघाल्या. मायएसक्यूएलच्या इनोडीबी या साठवण-इंजिनात हा इंडेक्स आपोआप बनतो, म्हणून तिकडून आलेल्या लोकांना हे हमखास चकवते.

राहिली नावाने शोधण्याची गोष्ट. खिडकीवरचा मुलगा शेतकऱ्याच्या नावाची पहिली अक्षरे टाकतो. 'शिंदे%' अशी लाइक अट नेहमीच्या इंडेक्सवर चालतेच असे नाही. डेटाबेसचे कोलेशन (अक्षरांचा क्रम लावण्याचे नियम) 'सी' सोडून दुसरे असेल तर टेक्स्ट_पॅटर्न_ऑप्स लावून वेगळा इंडेक्स लागतो. आणि '%शिंदे%' अशी दोन्हीकडे उघडी अट असेल तर बी-ट्रीचा उपयोगच नाही, शब्दाची सुरुवात माहीत नसताना शब्दकोशात तरी तो कसा शोधणार? त्यासाठी शब्दाचे तीन-तीन अक्षरांचे तुकडे करणारे पीजी_टीआरजीएम आणि ते तुकडे शोधणारा जिन इंडेक्स आहे. आमच्याकडे मुळात नावापेक्षा मोबाईल क्रमांक विचारायची सवय लावली, ते जास्त कामी आले.

कोऱ्हाटे गावचा एक शेतकरी यादीत दिसायचा, पण गावाचे नाव टाइप करून शोधला की सापडायचा नाही. इंडेक्स बिघडला असे समजून आम्ही तो पुन्हा बांधला, काही फरक नाही. मग बाइट मोजले. युनिकोडमध्ये 'ऱ' दोन प्रकारे लिहिता येतो, एकच चिन्ह म्हणून किंवा 'र' आणि नुक्ता अशी दोन चिन्हे मिळून. डोळ्यांना दोन्ही सारखेच. संगणकावरचा कीबोर्ड एक प्रकार लिहीत होता आणि मोबाईलवरचा दुसरा. पोस्टग्रेस 13 पासून नॉर्मलाइझ हे फंक्शन आहे. जुन्या नोंदी त्यातून एकसारख्या करून घेतल्या आणि नवीन नोंद आत जातानाच त्यातून जाईल अशी सोय केली.

मात्र खरोखर इंडेक्स बिघडण्याचेही एक कारण आहे. लिनक्समधल्या जीलिबसी या मूलभूत लायब्ररीच्या 2.28 या 2018 च्या आवृत्तीत अक्षरांचा क्रम लावण्याचे नियम बदलले. जुन्या क्रमाने बांधलेला अक्षरी इंडेक्स नव्या प्रणालीवर तसाच उचलून नेला तर असलेल्या नोंदी सापडत नाहीत, युनिक स्तंभात दुबार नोंदीही शिरतात. ऑपरेटिंग सिस्टिम बदलल्यावर असे काही दिसले तर अक्षरी स्तंभांचे इंडेक्स 'रीइंडेक्स' करा, म्हणजे पुन्हा बांधा. पोस्टग्रेस 12 पासून त्यालाही कन्करंटली जोडता येते.

शेवटी आम्ही साफसफाईला बसलो. पीजी_स्टॅट_यूजर_इंडेक्सेस मध्ये आयडीएक्स_स्कॅन (इंडेक्स किती वेळा वापरला तो आकडा) शून्य असलेले इंडेक्स बघितले. इथे घाई करू नका. तो आकडा मागच्या वेळी मोजणी शून्य केली तेव्हापासूनचा असतो, आणि बाजाराचे वर्ष सगळे महिने सारखे नसते. एक इंडेक्स अकरा महिने शून्यावर होता, पण मार्चअखेरच्या ताळेबंदाला तोच लागतो. युनिक अट सांभाळणारा इंडेक्स तर शून्यावर असला तरी काढायचा नाही. आम्ही वर्षभराची मोजणी हाती घेतली, प्रतिकृती सर्व्हरवरची वेगळी पाहिली, आणि मग बाजार_क्र वरचा तो पहिल्या वर्षीचा इंडेक्स रविवारी, बाजार बंद असताना काढून टाकला. त्याचे जे काही काम होते ते आवक_बाजार_वेळ आता करतोच आहे.